बाबांची जुनी कवळी टाकून देऊ का? टाळूवरच्या वळ्यांवरून माणूस ओळखता येतो म्हणतात

परळची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा अभद्र वाटेल, पण विचारायचा कुठे? घरात विषय काढला तर वहिनी म्हणतात, "वन्सं, भलतंसलतं बोलू नका."

माझे बाबा गिरणीतले, वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षापासून विसरायला लागलेत. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शियाची सुरुवात आहे. मध्यंतरी दादरला भाजी आणायला गेले आणि परत परळला यायचं सोडून उलट्या गाडीत बसले, ते थेट डोंबिवलीला उतरले. तिथल्या एका स्टॉलवाल्याने खिशातली चिठ्ठी बघून फोन केला म्हणून त्याच संध्याकाळी घरी आले. तेव्हापासून माझ्या डोक्यात नको नको ते येतं. देव न करो, पण खिशात चिठ्ठीच नसती तर?

त्यातच पुतण्याने एक फॉरवर्ड दाखवला. टाळूवर ज्या वळ्या असतात त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, बोटांच्या ठशांपेक्षाही पक्क्या, आगीत जळत नाहीत, आणि दात नसलेल्या माणसाची ओळख त्यावरून पटते, असं त्यात होतं. बाबांना एकही दात नाही. वरखाली दोन्ही कवळ्या आहेत. नवीन कवळी दोन वर्षांपूर्वी केली. जुनी, आई होती तेव्हाची, बिस्किटाच्या डब्यात पडून आहे. दिवाळीची साफसफाई चालू आहे आणि वहिनींनी तो डबा टाकायच्या ढिगात ठेवलाय. मी हळूच उचलून कपाटात ठेवला.

तर ती ठेवू का? खरंच उपयोग होतो का? आणि होत असेल तर ती कुठे नोंदवायची असते? पोलीस चौकीत? हसू नका.

---

प्लास्टरवाला (लालबाग)

ताई, टाकू नका. आधी हे. बाकीचं चहा घेऊन वाचा, लांबणार आहे.

मी डॉक्टर नव्हे. डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवण्यात उभा जन्म गेला. डॉक्टर तोंडात माप घेतात, ते माप डब्यातून आमच्याकडे येतं, आम्ही त्यात प्लास्टर ओततो आणि पुढचं काम करतो. पेशंटचा चेहरा आम्हाला कधी दिसत नाही. त्याची टाळू मात्र तासन्‌तास हातात असते. त्यामुळे तुमच्या फॉरवर्डमधल्या वळ्या मला तुमच्या पुतण्यापेक्षा जास्त ओळखीच्या आहेत. लॅबमध्ये आम्ही त्यांना रुगी म्हणतो.

जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे लावून बघा. आधी मधोमध एक बारीक उंचवटा लागेल. त्याच्या मागे दोन्ही बाजूंना खरखरीत आडव्या रेघा लागतील, त्याच वळ्या. बहुतेकांना एका बाजूला तीन ते पाच असतात. टाळूच्या मधून एक उभी रेघ जाते, ती ओलांडून एकही वळी पलीकडे जात नाही. आणि डावी बाजू उजवीसारखी कधीच नसते. नव्या पोराला हे पटत नाही. तो डावीकडे बघून उजवीकडची रेघ मारतो आणि ओरडा खातो.

सध्या बाकावर एका आजींचं मॉडेल आहे, तेच सांगतो. उजवीकडची पहिली वळी जाड आणि जवळजवळ सरळ. दुसरी मधल्या रेषेपाशी एकच निघते आणि पुढे तिला दोन फाटे फुटतात. तिसरी नागमोडी, आणि तिच्या मागे एक सुटा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा. डावीकडे पहिल्या दोन्ही वाकलेल्या, तिसरी मध्येच तुटलेली. टोकदार पेन्सिलीने वळ्यांच्या माथ्यावरून रेघ ओढली की सगळा नकाशा पांढऱ्यावर काळा उठून दिसतो. फॉरेन्सिकवालेही पहिली पायरी हीच करतात. मॉडेलवर शिसपेन्सिलीने रेघा, मग फोटो, मग दुसऱ्या फोटोशी ताडून बघणं.

आमच्याकडे ही गोष्ट रोजच्या कामात आपोआप उपयोगी पडते. पूर्ण कवळीसाठी दोनदा माप येतं, आधी कच्चं आणि मग पक्कं. चिठ्ठ्या ओल्या होऊन नंबर पुसले गेले की आमचा जुना कारागीर दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवायचा, वळ्या बघायचा आणि "हे ह्याचं" म्हणून मोकळा व्हायचा. कुठला अभ्यासक्रम शिकून नव्हे. वर्षानुवर्षं बघून.

आता तुमच्या कामाचं. कवळीची आतली बाजू, म्हणजे जी टाळूला चिकटते ती, त्या माणसाच्या टाळूचा ठसाच असते. तोंडात जिथे वळी आहे तिथे कवळीत खाच येते. बाबांची जुनी कवळी उलटी करून खिडकीच्या उजेडात तिरपी धरा. पुढच्या दातांच्या मागे आडव्या खाचा दिसतील. म्हणजे ती कवळी केली तेव्हाची त्यांची टाळू डब्यात जपलेली आहे. म्हणून म्हणतो, टाकू नका.

पण इथे दोन-तीन गोष्टींत भले भले फसतात.

पहिली म्हणजे जिभेकडची बाजू. काही कवळ्यांना जिभेच्या बाजूलाही वळ्या दिसतात. त्या बहुतेक वेळा आम्ही बसवलेल्या असतात. टाळू अगदी गुळगुळीत ठेवली की काहींना 'स', 'त' म्हणताना जीभ कुठे टेकायची ते कळत नाही, म्हणून वळ्या घालतात. त्यासाठी तयार नक्षीचं मेण मिळतं, सगळ्यांना तेच. कधी डॉक्टर सांगतात की पेशंटच्याच वळ्या उतरवा, तेव्हा तसंही करतो, पण ते क्वचित. तेव्हा कोणी जिभेकडच्या बाजूचा फोटो काढून "ह्या बाबांच्या वळ्या" म्हणायला लागलं तर थांबवा. त्या मेणाच्या पट्टीच्या वळ्या आहेत. अर्ध्या लालबागच्या तोंडात त्याच सापडतील.

दुसरी म्हणजे डावं-उजवं. कवळीची आतली बाजू समोर धरली की सगळं उलटं दिसतं. तोंडात बघताना माणसाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, कवळीच्या आतल्या बाजूत ती उजवीकडे येते. खाच आणि उंचवटाही उलट. म्हणून ताडून बघायच्या आधी कवळीत माल ओतून टाळूचं मॉडेल काढतात आणि मग त्याची तुलना करतात. हे घरी करू नका. हिरडीच्या बाहेरच्या कडेला आत वळणारी जागा असते, तिथे प्लास्टर अडकतं आणि सोडवताना कवळीचे दोन तुकडे होतात. लॅबमध्ये आम्ही त्या जागा आधी बुजवून घेतो, किंवा पुट्टी, म्हणजे माप घ्यायचा रबरासारखा माल, वापरतो. पुट्टी लवचीक असते, अलगद निघते.

तिसरी म्हणजे रिलाइन. कवळी सैल झाली म्हणून आतून नवा थर भरून घेतला असेल तर जुना ठसा गेला, त्या दिवसाचा नवा आला. आणि कुठे टोचतंय म्हणून डॉक्टरांनी आतून घासलं असेल तर तेवढा भाग पुसला गेला. तुमच्या बाबांची जुनी कवळी कधी रिलाइन केली होती का, आठवतंय?

बोटांचे ठसे घासून घासून पुसट होतात तसं वळ्यांचंही थोडं होतं. वर्षानुवर्षं कवळी दाबून बसली की वळ्या बसक्या होतात. दात काढल्यावर कडेची टोकं जरा सरकतात. पण कुठली कुठून निघते, कुठे फाटा फुटतो, ही मांडणी सहसा टिकते. त्यामुळे जुनी आणि नवी दोन्ही कवळ्या असणं हे एक असण्यापेक्षा चांगलं.

"कवळी तोंडात बसली म्हणजे माणूस तोच", असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. हाड झिजतं. स्वतःची कवळी स्वतःला बसत नाही म्हणूनच तर आमची पोटं चालतात.

---

दंत_पीजी

प्लास्टरवाले काका, लॅबवाल्याने सांगितलेलं हे सगळं आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कामाचं आहे, विशेषतः त्या नक्षीच्या मेणाचं. मी मुंबईत ओरल पॅथॉलॉजीत, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या शास्त्रात, एमडीएस करते, दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण. फॉरेन्सिक दंतशास्त्र भारतात बहुतेक ठिकाणी आमच्याच विभागाकडे असतं. फॉरवर्डमधलं किती खरं, तेवढं सांगते.

वळ्यांचं पहिलं वर्णन विन्स्लो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १७३२ मध्ये केलं. त्यावरून माणूस ओळखता येईल, ही कल्पना हॅरिसन अ‍ॅलनची, १८८९ मधली. या तपासणीला स्वतंत्र नाव आणि पद्धत देणारा ट्रोबो हेर्मोसा हा स्पॅनिश, १९३२ चा. म्हणजे शास्त्र नवं नाही. आपल्याकडे त्यावर शोधनिबंध ढीगभर निघतात, कारण प्लास्टरची मॉडेलं कॉलेजात आयती असतात आणि पीजीला थीसिस लागतो! माझ्या बॅचमध्येही एकीचा विषय हाच आहे.

गर्भात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास या वळ्या तयार होतात. नंतर टाळू वाढते तशी त्यांची लांबी वाढते, मांडणी तीच राहते. जुळ्यांमध्येही, अगदी एका बीजातल्या, त्या सारख्या दिसतात पण तंतोतंत जुळत नाहीत. मोजायची पद्धत बहुतेक जण लायसेलची वापरतात, १९५५ ची. ५ मिलिमीटर किंवा जास्त लांबीची ती मुख्य वळी, ३ ते ५ ची दुय्यम, २ ते ३ चा तुकडा, आणि २ पेक्षा लहान असेल तर सोडून द्यायची. आकारासाठी कपाली आणि सहकाऱ्यांची १९९७ ची वर्गवारी घेतात, सरळ, वक्र, नागमोडी, गोल आणि जुळलेल्या-फुटलेल्या. काकांच्या बाकावरच्या आजींचं वर्णन त्यात चपखल बसतं. तांदळाची कणी मात्र बहुधा २ मिलिमीटरच्या खाली जाईल, म्हणजे लायसेलच्या हिशेबात ती नाहीच.

"आगीत जळत नाहीत" हे अतिशयोक्त आहे, पण निराधार नाही. समोर ओठ, बाजूला गाल, खाली जीभ, वर हाड. त्यामुळे चेहरा भाजला तरी टाळूपर्यंत आच उशिरा पोचते. मुथुसुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पूर्ण चेहरा तिसऱ्या दर्जाचा भाजलेल्यांच्या वळ्या तपासल्या, तेव्हा बहुसंख्यांच्या शाबूत सापडल्या. मृत्यूनंतरही काही दिवस त्या टिकतात. पण शेवटी ते मऊ आवरणच आहे. मांस गेलं की वळ्या गेल्या. सांगाडा सापडला तर या शास्त्राचा शून्य उपयोग.

"बोटांच्या ठशांपेक्षा पक्क्या" हे मात्र साफ चूक. बोटांच्या ठशांची देशभर संगणकीय नोंद आहे, जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यातच निघालं. टाळूची अशी कुठली बँक नाही. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्यात बोटं, तळहात, पावलं, डोळ्याचं बुबुळ आणि पडदा, सही वगैरे नावानिशी आहे. टाळू नाही. इंटरपोलच्या आपत्तीतल्या ओळख पद्धतीतही स्वतःच्या बळावर उभे राहणारे पुरावे तीनच: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. वळ्या दातांच्या पुराव्याला आधार म्हणून येतात. वळ्या न जुळणं मात्र फार बोलकं असतं. मांडणी स्पष्टपणे वेगळी असेल तर "हा तो माणूस नाही" हे लवकर आणि स्वस्तात सांगता येतं, आणि दहा घरं एकाच मृतदेहासाठी रांगेत उभी असतात तेव्हा त्याची किंमत मोठी असते. आणखी एक. वळ्यांवरून स्त्री की पुरुष, कुठल्या प्रांतातला, हे सांगायचे प्रयत्न खूप झाले, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावर विसंबू नका.

दात नसलेल्या माणसाची ओळख मात्र खरोखर पटवलेली आहे. थॉमस आणि व्हॅन विक यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेली केस तुमच्या प्रश्नासारखीच आहे. ओळखू न येण्याइतका जळालेला, तोंडात एकही दात नसलेला मृतदेह, आणि तुलनेला त्या माणसाची जुनी कवळी. टाळू आणि कवळीतला ठसा जुळवूनच त्यांनी निष्कर्ष काढला.

---

जीआरपी_निवृत्त

मी रेल्वे पोलिसात हवालदार होतो. बेवारस मृतदेहांचं काम बरंच केलं. जे पाहिलं तेवढंच सांगतो.

रुळावर सापडलेल्या माणसाची ओळख आमच्याकडे पटते ती मोबाईलवरून, पासावरून, शर्टाच्या कॉलरमागच्या टेलरच्या पट्टीवरून, हातावरच्या गोंदणावरून. बायका असतील तर मंगळसूत्राच्या घडणीवरून. पंचनाम्यात दातांची एक ओळ लिहायची असते. आम्ही "वरच्या जबड्यात कवळी" किंवा "पुढचा एक दात सोन्याचा" एवढं लिहायचो. टाळू उघडून बघा, असं सांगणारा मला नोकरीत भेटला नाही. मृतदेहाची कवळी काढून पुडीत बांधली जायची आणि मुद्देमालात जायची. तीच बाहेर काढून नातेवाइकांना दाखवली तर ते ओळखतात. "हा पुढचा दात आमच्या दादांनी मुद्दाम थोडा तिरका बसवून घेतला होता," असं एका मुलाने सांगितलेलं मला आठवतं. पटली ओळख.

लोक नेहमी विचारतात, आधारला बोटं लावलीत ना, मग त्यावरून का नाही शोधत? आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे बोटं आणि डोळ्यांची माहिती पोलिसांना देता येत नाही. कितीही पत्रं पाठवा.

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: चौकीत कवळी नोंदवायची सोय नाही. नेऊन दिलीत तर ड्युटी ऑफिसर गोंधळेल. माणूस हरवला तर मिसिंग नोंदवताना मात्र सांगा, आणि तक्रारीत लिहून घ्या: "वरखाली पूर्ण कवळी, तोंडात असण्याची शक्यता, जुनी कवळी घरी उपलब्ध." हे वाक्य लिहिलेलं असलं की शवागारात काम करणाऱ्याला कळतं काय शोधायचं. मिसिंग जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदवा, आणि लोकलचा संशय असेल तर रेल्वे पोलिसांनाही त्याच दिवशी कळवा. शहराचं पोलीस ठाणं आणि रेल्वे पोलीस ही दोन वेगळी घरं आहेत. राजावाडी, सायन, कूपर, जे.जे., केईएम, यांपैकी कुठल्या हॉस्पिटलात शरीर गेलं हे ते कुठल्या हद्दीत सापडलं त्यावर ठरतं. डोंबिवली म्हणजे तर ठाणे जिल्हा.

---

परळची_लेक

तिघांचेही आभार. वहिनींना हवालदार साहेबांचं उत्तर वाचून दाखवलं, आता त्याच म्हणतायत डबा नीट ठेवा म्हणून.

काका, जुनी कवळी एकदा सैल झाली होती तेव्हा डॉक्टरांनी आत काहीतरी भरून दिलं होतं, म्हणजे रिलाइनच असणार. तरी खिडकीत धरून बघितलं, तर खाचा दिसतात, उजवीकडे चार आणि डावीकडे तीन. मजा वाटली हो. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "कारखान्याचा छाप."

दोन शंका. नवीन कवळीवर बाबांचं नाव घालता येतं का? आणि पीजी ताई, डीएनए असताना ह्या सगळ्याची गरजच काय?

---

दंत_पीजी

डीएनए असतो, आणि तुमच्या बाबतीत सोपाही आहे. तुम्ही त्यांची सख्खी मुलगी, तुमच्या रक्ताचा नमुना त्यांच्याशी ताडता येतो. दात नसले तरी हाडातून किंवा स्नायूतून घेतात. पण तो नमुना प्रयोगशाळेत जातो, कलिनाला किंवा जिथे हद्द असेल तिथे, आणि अहवाल यायला वेळ लागतो. तोवर मृतदेह ठेवायचा आणि घरच्यांनी वाट बघायची. कवळीची तुलना त्याच दिवशी शवागाराच्या टेबलावर होऊ शकते. दोन्ही करावं, दोघांचं एकमेकांशी भांडण नाही.

रिलाइन केली असली तरी हरकत नाही. रिलाइनच्या दिवशीची टाळू त्यात आहे. उलट जुन्या मापाच्या तुलनेत ती जास्त अलीकडची.

---

प्लास्टरवाला (लालबाग)

उजवीकडे चार, डावीकडे तीन हे तुम्ही कवळीत बघून सांगितलंत ना? मी डावं-उजवं उलटं होतं म्हटलं म्हणून तुम्ही अदलाबदल केलीत की नाही, हे मला कळलं नाही. कागदावर लिहिणार असाल तर "कवळीत बघताना" असं स्पष्ट लिहा. पुढे कोणी गोंधळायला नको. बाबांचं "कारखान्याचा छाप" मला मात्र आवडलं.

नाव घालता येतं, आणि खरं सांगू, तुमच्यासाठी वळ्यांपेक्षा तेच जास्त कामाचं आहे. नवीन कवळी बनत असतानाच सोपं पडतं. पातळ कागदावर नाव छापायचं, पट्टी कापायची, अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकच्या, पातळ द्रवात भिजवायची आणि मागच्या बाजूला आत ठेवून वरून पारदर्शक माल भरायचा. कवळी शिजून निघाली की काचेखाली ठेवल्यासारखं नाव वाचता येतं. तयार कवळीतही होतं. गालाकडच्या बाजूला, दाढांच्या वर, थोडं खरवडून नाव लिहायचं आणि वरून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा हात मारायचा. हे जास्त टिकत नाही, पण काही वर्षं निघतात. पुढच्या वळ्यांच्या जागी कधीच नाही, हे लॅबवाल्याला बजावून सांगा. नाव घालण्याच्या नादात ठसाच खरवडून टाकतील.

नावाबरोबर तुमचा मोबाईल नंबर घाला. आधार नंबर घालू नका. कवळी बेसिनपाशी, हॉस्पिटलच्या बाजूच्या टेबलावर, कुठेही पडलेली असते, कोणीही वाचेल. आणि एक फायदा जिवंतपणीचाच. उद्या बाबा आयसीयूत गेले आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबाही कवळीवाले निघाले, तर कुणाची कुठली हा गोंधळ होत नाही. असे गोंधळ होतात. आमच्याकडे "ही बसत नाही" म्हणून आलेल्या कवळ्यांतल्या काही त्या माणसाच्या नसतातच!

पण कवळी तोंडात आहे, ती कोणी रस्त्यावर काढून वाचणार नाही. जिवंत माणूस घरी यायला मनगटावर नंबर असलेलं कडं घाला. स्टीलचं, कोरलेलं, हुक असा की त्यांना स्वतःला काढता येऊ नये. खिशातल्या चिठ्ठीवर भरवसा नको, हिंदमाताला पाणी भरलं की कागदाचा लगदा होतो.

जुन्या कवळीचं असं करा. साबणाने मऊ ब्रशने धुवा. टूथपेस्ट लावू नका, चरे पडतात. गरम पाणी तर अजिबात नको, अ‍ॅक्रिलिक वाकतं आणि ठसाही वाकतो. मग जवळच्या लॅबमध्ये नेऊन आतल्या बाजूचं डेंटल स्टोनचं मॉडेल काढून घ्या, साधं पांढरं प्लास्टर नको, त्याच्या कडा झडतात. मॉडेलच्या बुडाला बाबांचं नाव, तारीख आणि "रिलाइननंतर" हे पेन्सिलीने लिहा. शाईचं पसरतं. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे मिलिमीटर मोजता येतील. नव्या कवळीचं मॉडेल डॉक्टरांकडे अजून असेल तर तेही मागून घ्या. दवाखाने छोटे असतात, मॉडेलं जागा खातात, वर्षा-दोन वर्षांनी पोत्यात भरून जातात. मागितली तर आनंदाने देतात, त्यांचीच जागा मोकळी होते.

लालबागच्या बाजूला आलात तर मॉडेल मी काढून देईन. पैसे मालाचे तेवढे.

---

ठाण्याचा_बाप

विषयाला फाटा फोडतोय, माफ करा. माझ्या मुलीला ब्रेसेस लावलेत. त्या क्लिनिकमध्ये प्लास्टर नाहीच, तोंडात कॅमेरा फिरवून स्कॅन करतात. वळ्या त्यात येतात का? ती फाइल मागावी का?

---

दंत_पीजी

येतात, आणि प्लास्टरपेक्षा स्वच्छ येतात. एसटीएल फाइल, म्हणजे स्कॅनची थ्री-डी फाइल, मागा, कुठल्याही मोफत थ्री-डी व्ह्यूअरमध्ये उघडते. फक्त पुढच्या टाळूपर्यंत स्कॅन केलंय ना हे बघा, कारण ब्रेसेसच्या कामाला दातच पुरतात आणि घाईत टाळू अर्धवट सुटते.

ट्रीटमेंट संपल्यावरचंही स्कॅन घ्या. दात सरकले की वळ्यांची दातांकडची टोकं त्यांच्याबरोबर थोडी सरकतात. मधल्या रेषेकडची टोकं, त्यातही तिसऱ्या वळीची, त्यामानाने जागेवर राहतात. ऑर्थोवाले, म्हणजे ब्रेसेस लावणारे डॉक्टर, दात किती हलले हे मोजायला त्याच वळीचा खुंटा धरतात. टाळू रुंद करणारं उपकरण लावलं असेल तर मात्र आधीचं आणि नंतरचं, दोन्ही हवीतच.

---

ठाण्याचा_बाप

उपकरण लावलं होतं, सुरुवातीला. उद्याच फोन करतो.